अंगावरचा फ्रॉक

१

गिऱ्हाईक दोन प्रकारचं असतं. एकाला काय हवंय ते माहीत नसतं आणि दुसऱ्याला काय हवं होतं ते प्रिंट हातात पडल्यावर कळतं. भाईंदर पश्चिमेला दत्तारामकाकांच्या फोटो स्टुडिओत मी सहा वर्षं कॉम्प्युटरवर बसतेय, तिसरा प्रकार अजून दारातून आत आलेला नाही. पासपोर्ट फोटोतले कान लहान करा. वारलेल्या सासऱ्यांना थोडं हसवा. साखरपुड्याच्या ग्रुपमधून धाकट्या जावेला काढा, पण तिच्या हातातलं ताट राहू द्या. भर दुपारी लाईट जाते, यूपीएस कोकलायला लागतो, सेव्ह न केलेलं काम बोंबलतं, आणि काका काउंटरवरून विचारतात, "झालं का गं शालू?" काकांना माऊस कुठल्या बाजूने धरतात हेही माहीत नाही, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा सापडायचा नाही.

माझ्या कामाची एक पद्धत आहे, ती आधी सांगते. मोठ्या फोटोतला प्रत्येक माणूस मी वेगळ्या थरावर ठेवते. थर म्हणजे लेयर. काचांवर एकेक माणूस रंगवून त्या काचा एकावर एक ठेवल्या, असं समजा. प्रत्येक थरापुढे छोटंसं डोळ्याचं चित्र असतं. डोळा उघडा असला की थर दिसतो, बंद केला की लपतो. पुसला जात नाही, नुसता लपतो. आणि ज्या माणसावर जास्त काम असेल, त्याची अख्खी फाईलच मोठ्या फाईलच्या पोटात ठेवायची. त्याला स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणतात, मी डबा म्हणते. डब्यावर डबल-क्लिक केलं की आतली फाईल उघडते, तिचे थर पुन्हा वेगळे. आत बदल करून सेव्ह केलं की बाहेरच्या फोटोत तो आपोआप दिसतो. मात्र डब्यात असते ती प्रत. मूळ फोटो दुसरीकडे सुरक्षित असतो, डब्यात काहीही उलथापालथ केली तरी त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. हे मी काकांना शंभरदा समजावलं असेल.

दोन हजार सातचा डिसेंबर होता. सोमवारी सकाळी राई गावातून इंदुबाई आणि त्यांचा मुलगा प्रणय आले. त्यांच्या जागेवर बिल्डिंग उभी राहिली होती, तिच्यातच दुसऱ्या मजल्यावर त्यांना फ्लॅट मिळाला होता, आणि येत्या रविवारी वास्तुशांत होती. नव्या हॉलमध्ये लावायला सगळ्या कुटुंबाचा एक मोठा फोटो हवा होता. सगळे कधी एकत्र फोटोत बसलेच नव्हते, म्हणून मी बसवायचे. इंदुबाईंचे यजमान काळूराम, आठ वर्षांपूर्वी वारलेले. इंदुबाई. प्रणय आणि त्याची बायको. आणि हेमांगी.

हेमांगीसाठी इंदुबाईंनी पिशवीतून लग्नातला एक जुना ग्रुप फोटो काढला आणि मागच्या रांगेवर नख ठेवलं. वाटाण्याएवढा चेहरा, दोन बायकांच्या खांद्यांमधून डोकावणारा. खाली काहीच नाही. खांदा नाही, हात नाही.

"माजी मोठी," इंदुबाई म्हणाल्या. "सात वरसांची गेली. ह्याच्या जल्माच्या आदी."

"मिठागराच्या पाण्यात," प्रणय हळूच म्हणाला.

"हिला बॉडी लागेल," मी म्हटलं. आमच्या धंद्यात असंच बोलतात, तोंडातून गेलं.

"लावा ना मॅडम कुठलीपण," प्रणय म्हणाला. "कॉम्प्युटरमध्ये असतातच की. फक्त शुक्रवारपर्यंत द्या, अर्जंट आहे."

गेलेली माणसं मागच्या रांगेत उभी करायची आणि जिवंत पुढे बसवायची, असा काकांचा नियम आहे. मी तसं सांगितलं तर इंदुबाईंनी मान हलवली.

"ती फुडं हवी. माज्या बाजूला."

२

कॉम्प्युटरमध्ये असतातच! स्टुडिओत तयार बॉड्यांची एक सीडी आहे. पुरुषांसाठी कोट आणि नेहरू शर्ट, बायकांसाठी काठाच्या साड्या. वर चेहरा बसवला की माणूस तयार. लहान मुलांच्या म्हणून ज्या आहेत त्या सगळ्या परदेशी, गोऱ्या ढोपरांच्या. त्यांच्यावर हेमांगीचा चेहरा ठेवला की पोर कुठल्यातरी बिस्किटाच्या पुड्यावरून उतरल्यासारखी दिसायची. दोन तास त्यात गेले. तिसऱ्या तासाला मशीन अडकलं, पुन्हा चालू केलं, आणि माझं डोकं फिरलं.

माझ्याच फोल्डरमध्ये दिव्याच्या वाढदिवसाचे फोटो पडून होते. दिव्या म्हणजे माझी मुलगी, नोव्हेंबरात सात पूर्ण झाली. प्रिंट काढायच्या राहूनच गेल्या होत्या. दिवसभर दुसऱ्यांचे फोटो करणारीच्या घरात स्वतःचे फोटो लागत नाहीत. त्यातल्या एकात दिव्या इंद्रलोक भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सरळ उभी होती, दोन्ही हात खाली. पिवळा फ्रॉक, दोन खिसे. एक खिसा फुगलेला, कारण ही बया चॉकलेटचे कागद टाकत नाही, साठवते. डाव्या मनगटावर काळा दोरा, माझ्या आईने रत्नागिरीहून पाठवलेला, दृष्ट लागू नये म्हणून.

फोटो डब्यात घातला. गच्ची कापून काढली. दिव्याचं डोकं वेगळ्या थरावर घेतलं, त्याला 'दिव्या_डोकं' नाव दिलं आणि डोळा बंद केला. डिलीट केलं नाही. मी काहीच डिलीट करत नाही, कधी काय परत लागेल सांगता येत नाही. वर हेमांगीचा चेहरा मोठा करून बसवला. मान जुळली. इतकी जुळली की जोड लपवायला काही करावंच लागलं नाही. एवढं सोपं काम त्या आठवड्यात दुसरं झालं नव्हतं, म्हणून मला बरंच वाटलं.

दोरा मात्र पुसला. गेलेल्या मुलीला दृष्टीचा दोरा कशाला?

संध्याकाळी घरी पोचले तर दिव्याच्या मनगटावर दोरा नव्हता. कुठे पाडलास म्हणून विचारलं, तर तिने स्वतःच्या मनगटाकडे माझ्याइतक्याच आश्चर्याने पाहिलं. शाळेत तुटला असेल. तिला दोन शब्द सुनावले आणि कुकर लावला.

३

मंगळवारी दोघं कच्ची प्रिंट पाहायला आले. प्रणयला स्वतःचं पोट पसंत नव्हतं. बायकोचं मंगळसूत्र सरळ हवं होतं. वडिलांची मिशी जरा भरगच्च हवी होती, "होती तशीच, पण भारी." मी सगळं कागदावर लिहून घेत होते. मागे तीन गिऱ्हाइकं पाय बदलत उभी होती.

इंदुबाईंचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. त्या हेमांगीकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "फ्रॉक कुनाचा?"

"कॉम्प्युटरमधला आहे."

"न्हाय बाय. खिशात कायतरी हाय. कुनाच्यातरी अंगावरचा हाय ह्यो."

"आई, कॉम्प्युटर हाय तो," प्रणय म्हणाला. "त्यात सगलं असतं."

इंदुबाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "जित्या मानसाच्या अंगावरचा कपडा गेलेल्याला घालीत न्हाय," त्या मला म्हणाल्या. "घातलाच, तर ज्याचा त्याला नवा द्यावा लागतो. बदली. म्हनून इचारते. कुनाचा हाय ते सांग, मी नवा देते."

खरं सांगायला माझं काय जात होतं? पण प्रणयचं बोट अजून पोटावर होतं, मागचा माणूस "ओ मॅडम, किती टाईम?" करत होता, आणि स्वतःच्या पोरीचा फोटो असा वापरला हे काकांदेखत कबूल करायची मला लाज वाटली.

"कुणाचाच नाही हो मावशी," मी वैतागून म्हटलं.

"कुनाचाच न्हाय?"

"कुणाचाच नाही. मशीनमधला आहे."

"मंग ठीक," इंदुबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "मंग तिचाच झाला."

जाताना त्या दारातून परत वळल्या. त्यांनी प्रिंटवर हेमांगीच्या डाव्या हाताला बोट लावलं. "हा मोकला नको सोडू. माज्या हातात दे."

४

हात जुळवणं म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात किचकट काम. बुधवारचा अख्खा दिवस त्यात गेला. डब्यातला डावा हात खांद्यापासून कापला, उचलला, बाहेर नेला, कोपरात वाकवला. बोटं इंदुबाईंच्या मुठीत घातली. सैल दिसत होती म्हणून मूठ आवळली, बोटांची टोकं थोडी पांढरी केली. हेमांगीच्या फुगलेल्या खिशावरून पुन्हा वाद नको म्हणून तोही दाबून सपाट केला. मशीन दोनदा बंद पडलं. शेवटी फाईलला 'फायनल' नाव दिलं, हात जोडले आणि घरी गेले.

गुरुवारी सकाळी दिव्याला शाळेत सोडायला निघाले. ती माझ्या डाव्या बाजूने चालत होती, माझा हात न धरता. तिचा डावा हात माझ्यापासून लांब, थोडा वर उचललेला होता. कोपरात वाकलेला.

"हात खाली कर," मी म्हटलं.

"होत नाही."

"होत नाही म्हणजे?"

"सोडत नाही."

"कोण सोडत नाही?"

"मला काय माहीत!" ती माझ्याच सुरात ओरडली. मी तिला एक धपाटा घातला. तो मला अजून आठवतो, कारण धपाटा बसल्यावर तिचं सगळं अंग पुढे गेलं आणि तो हात तेवढा जागच्या जागी राहिला.

शाळेऐवजी डॉक्टरकडे नेलं. हाड शाबूत होतं, सूज नव्हती. लचकला असेल, म्हणाले, आणि चोळायला मलम दिलं. नवऱ्याला, अमोलला, फोन केला तर तो म्हणाला, "गॅदरिंगचा डान्स बसवतायत ना, त्यातलंच काहीतरी करत असेल. नाटकं आहेत." शेजारणीकडे तिला बसवून मी स्टुडिओत गेले. मलाही ते नाटकच वाटत होतं, किंवा वाटायला हवं होतं.

तरी मशीन चालू केल्यावर मी पहिल्यांदा दिव्याचा मूळ फोटो उघडला. डब्यातला नव्हे. मूळ, गच्चीवरचा.

मनगटावर दोरा नव्हता.

घाईत मी मूळ फाईलवरच सेव्ह केलं असणार. गाढवपणा, पण होतो. खात्रीसाठी फाईलची तारीख पाहिली. वाढदिवसाचीच होती, त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नव्हता. मग मी फोटो मोठा केला. दिव्या तशीच उभी होती, केस वाऱ्यावर, डोळे उन्हाने बारीक केलेले. उजवा हात खाली. डावा हात वर उचललेला, बाजूला रिकाम्या गच्चीकडे गेलेला, आणि बोटांची टोकं दाबल्यासारखी पांढरी.

मी फोटो बंद केला, पुन्हा उघडला. तो तसाच होता.

५

माझा स्वभाव असा, की मी घाबरले की आधी चिडते. मी कुटुंबाची फाईल उघडली आणि हेमांगीचा डबाच उडवून टाकला. सेव्ह. मशीन अडकलं. बंद करून चालू केलं, फाईल उघडली, डबा होता. पुन्हा उडवला. पुन्हा अडकलं. तिसऱ्यांदा मी स्क्रीनला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. काका काउंटरवरून म्हणाले, "शालू, गिऱ्हाईक ऐकतंय."

मग वाटलं, आत जाऊन हात खाली करू. डब्यावर डबल-क्लिक केलं. आत माझे थर असायला हवे होते: फ्रॉक, हेमांगीचा चेहरा, दिव्याचं लपवलेलं डोकं. त्याऐवजी आत आणखी एक डबा होता. असं मी कधी केलं नव्हतं, पण चुकून होऊ शकतं. तोही उघडला. आत डबा. प्रत्येक वेळी नवी खिडकी उघडायची, तिच्यात पिवळ्या फ्रॉकातली मुलगी, हात बाजूला, आणि हाताच्या पलीकडे कोणी नाही. चौथ्या डब्याला मशीन घरघरायला लागलं. पाचव्याला मेमरी कमी असल्याची पाटी आली. मी ती बंद केली आणि पुढे गेले. आता मी थांबणार नव्हते. फाईल माझी होती, थर माझे होते, पोर माझी होती.

सातव्या डब्यात थर सापडले. दोनच होते. एक फ्रॉक, आणि वर 'दिव्या_डोकं', डोळा बंद. हेमांगीच्या चेहऱ्याचा थर कुठेच नव्हता. तरी फ्रॉकच्या गळ्यावर हेमांगीचा चेहरा होता, जोड नसलेला.

मी 'दिव्या_डोकं'पुढच्या डोळ्यावर क्लिक केलं. डोळा उघडला. चित्रात काहीच बदललं नाही. म्हणून मी खालचा फ्रॉक लपवला, नुसता तो एक थर बघायला. पूर्ण खिडकीभर पांढऱ्या-करड्या चौकटी आल्या. थरावर काही नसलं की सॉफ्टवेअर त्या दाखवतं. थराचं नाव तेवढं होतं, मीच दिलेलं.

त्याच वेळी लाईट गेली. यूपीएस ओरडला, आणि मीही ओरडले, "काका, राईवाल्यांची प्रिंट द्यायची नाही! थांबवा!"

"ती कधीच गेली," काका म्हणाले. "लॅबचा माणूस सकाळीच फाईल घेऊन गेला, दुपारी लॅमिनेशन झालं, प्रणयने तिकडूनच नेली. फायनल लिहिलेलं तूच ना?"

मीच लिहिलं होतं.

६

शनिवारी दुपारी मी दिव्याला घेऊन रिक्षाने राईला गेले. तोवर तिचा हात खांद्याइतका वर गेला होता. झोपेतही तो गादीच्या कडेवरून बाहेर असायचा. पिशवीत मी पिवळा फ्रॉक घेतला होता, पुरावा म्हणून. काय बोलायचं ते वाटेत दहादा ठरवलं.

बिल्डिंग कोरी करकरीत होती. जिन्यात रंगाचा वास, दारांच्या कड्यांवर अजून प्लास्टिक. प्रणय मंडपवाल्याकडे गेला होता. दार इंदुबाईंनीच उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर आधी दिव्याच्या हातावर गेली आणि मग तिच्या चेहऱ्यावर.

"आलीस," त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये सामान नव्हतं. बोललं की आवाज भिंतींवर जाऊन परत यायचा. समोरच्या भिंतीवर ती एकटी फ्रेम. मी ठरवलेलं सगळं विसरले.

"मावशी, मी खोटं बोलले. फ्रॉक हिचा आहे. माझी मुलगी आहे ही."

"मी इचारलं व्हतं."

"हो."

"दोनदा इचारलं."

"चुकलं माझं. पाया पडते तुमच्या. तुम्ही बदली देणार होतात, ती द्या. माझ्या पोरीला सोडवा."

इंदुबाईंनी दिव्याचा उचललेला हात निरखून पाहिला. मग त्या आत गेल्या आणि एक पिशवी घेऊन आल्या. लाल ठिपक्यांचा नवा फ्रॉक, घडी न मोडलेला.

"तुला इचारलं त्याच दिशी घेतला, बाजारातून. वाटलं, मागाय येशील." त्यांनी माझ्या हातातला पिवळा फ्रॉक काढून घेतला. "ह्यो हितं राहू दे. चल गं, कपडे बदलू." दिव्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिचं काहीतरी बोलायचं राहिलं होतं, असं तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. मी पुढे झाले तर इंदुबाई म्हणाल्या, "तू हितंच थांब."

आणि मी थांबले. बाईने फ्रॉक विकत आणून ठेवला होता, मला लाज वाटत होती, आणि लवकर सगळं संपावं एवढंच हवं होतं. आतल्या खोलीचं दार लोटलं गेलं.

मी फ्रेमसमोर उभी राहिले. माझंच काम, एका दृष्टीने चांगलं उतरलेलं. काळूराम भरगच्च मिशीत. प्रणय पोटाशिवाय. इंदुबाई खुर्चीत, आणि त्यांच्या मुठीत हात देऊन उभी हेमांगी. मनगट कोरं, खिसा सपाट. आतून प्लास्टिकची पिशवी कुरकुरली. बांगड्या वाजल्या. इंदुबाई हळू आवाजात काहीतरी म्हणत होत्या, पोरांना कपडे घालताना बायका बोलतात तसं. मग एक मूल हसलं. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तीन दिवसांत दिव्या हसली नव्हती.

दार उघडलं. ती ठिपक्यांच्या फ्रॉकात बाहेर आली. दोन्ही हात सरळ खाली.

मी तिला पोटाशी धरलं, रडले, इंदुबाईंच्या खरोखर पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पोरीने चपला घातल्या. निघताना, काम नीट लागलंय ना हे बघायची सवय म्हणून, मी एकदा फ्रेमकडे पाहिलं.

फोटोतल्या मुलीच्या मनगटावर, इंदुबाईंच्या मुठीच्या जरा वर, बारीक काळी रेघ होती. लॅमिनेशन करताना आत केस अडकतो कधीकधी. मी जवळ जाणार होते. मग तिचा खिसा दिसला. फुगला होता.

"निघ आता," इंदुबाई म्हणाल्या. "उद्या वास्तुशांत हाय, कामं पडल्यात."

७

याला आता तीन आठवडे झाले. हात पूर्ण बरा आहे. अमोल म्हणतो, बघ, मी सांगितलं होतं ना नाटकं आहेत. त्याला पोरगी आवडायला लागलीय, कारण ती उलट बोलत नाही, पहिल्या हाकेला ताट पुसून ठेवते. चॉकलेटचे कागद ती सरळ कचऱ्यात टाकते. आईने रत्नागिरीहून दुसरा दोरा पाठवला. बांधायला गेले तर तिने हात पाठीमागे नेला. "नको," म्हणाली, "टोचतो." मी आग्रह केला नाही.

स्टुडिओत राईवाल्यांची फाईल आता गुपचूप उघडते. डबा एकच आहे. आत तीन थर, मी ठेवले होते तसेच, त्याच क्रमाने. 'दिव्या_डोकं'चा डोळा बंद आहे. तिथे क्लिक करायचं एवढंच काम आहे, सेकंदभराचं, आणि गेले तीन आठवडे मी रोज फाईल उघडून बंद करतेय. गच्चीवरचा फोटो तर उघडलेलाच नाही. काका विचारतात, झालं का गं शालू? मी त्यांच्यावर खेकसते. सगळ्यांवर खेकसते. खरा राग माझ्यावरच आहे. एका बाईने मला दोनदा विचारलं होतं, कुणाचा आहे म्हणून, आणि मागे तीन गिऱ्हाइकं उभी आहेत एवढ्यासाठी मी दोन्ही वेळा सांगितलं, कुणाचाच नाही.

संध्याकाळी घरी जाते तेव्हा ती दारात उभी असते, हात सरळ खाली. मी म्हणते, ए, चल जेवून घे. म्हणते, बाळा, अभ्यास झाला का. राईहून आल्यापासून मी तिला नावाने हाक मारलेली नाही. मारली आणि तिने वळून पाहिलं नाही तर, याची भीती वाटते. राईला जाऊन त्या फ्रेमसमोर दिव्या म्हणून हाक मारायची मला त्याहून जास्त भीती वाटते.